च च्या भाषेला चावी नसते

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना कानावर पडलं, "चुलात चाणीप चवंह चाक?" म्हणजे, तुला पाणी हवं का, आणि जिला कळू नये म्हणून हे सगळं चाललं होतं तिनेच मागून उत्तर दिलं, "चलाम चणप!" म्हणजे, मला पण. तिघी खळखळून हसल्या आणि मी तिथेच ठरवलं की यंदा गुप्तलेखनाचा तास इथून सुरू करायचा.

मी आठवी-नववीला गणित शिकवते. शनिवारी शेवटचा एक तास मोकळा असतो, त्यात गेली दोन वर्षं मी मुलांना क्रिप्टोग्राफी, म्हणजे हेच गुप्तलेखन, शिकवतेय. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला नाही, पण प्रत्येकाच्या घरात व्हॉट्सॲप आहे, आईबाबांच्या फोनवर ओटीपी येतात, आणि हे सगळं आतून कसं चालतं हे या वयात कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. वर्गात एक मोठा टीव्ही आहे, पेनड्राईव्ह लावता येतो, माझा लॅपटॉप आहे, फोन आहे. एवढ्या सामानावर काय जमलं आणि काय नाही जमलं ते आज सविस्तर लिहिते, कारण मला सुरुवातीला असं कुणी लिहिलेलं मराठीत सापडलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी एक तयार व्हिडिओ लावला होता, छान ॲनिमेशन, संगीत, निवेदन, एक पत्र पेटीत जातं, पेटीला कुलूप लागतं, वाटेत चोर येतो, पेटी उघडत नाही, मैत्रिणीकडे चावी असते, ती उघडते. मुलांनी डोळे लावून बघितला. संपल्यावर विचारलं, मग मेसेज लपवतात म्हणजे नक्की काय करतात? "कुलूप लावतात." कसलं कुलूप? "व्हिडिओत होतं तसलं." म्हणजे अकरा मिनिटं बघून मुलांकडे फक्त कुलपाचं चित्र उरलं होतं, अक्षरांचं काय होतं याचा पत्ताच नाही. कुलपाच्या चित्राबद्दल मला तेव्हापासून शंकाच आहे. वेबसाईटच्या पत्त्याशेजारी असायचं ना छोटं कुलूप, क्रोमने २०२३ मधे ते काढून टाकलं, कारण लोकांना वाटायचं कुलूप आहे म्हणजे साईट विश्वासाची आहे, प्रत्यक्षात ते फक्त एवढंच सांगायचं की तुमचं आणि त्या साईटचं बोलणं मधे कुणाला वाचता येणार नाही. समोरची साईटच फसवणारी असेल तर कुलूप तिच्याकडेही असतंच. एका चित्राने एवढा गैरसमज केला तर वर्गात कुठलं चित्र दाखवायचं याचा विचार करायलाच हवा.

तर च ची भाषा. ज्यांच्या लहानपणी नव्हती त्यांच्यासाठी सांगते, शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च लावायचा, काना-मात्रा जिथल्या तिथे. पाणी चं चाणीप, गाडी चं चाडीग. त्या तिघींना मी वर्गात पुढे बोलावलं आणि फोनवर त्यांचं संभाषण रेकॉर्ड केलं, चांगलं फाडफाड बोलल्या. वर्गातल्या बऱ्याच मुलग्यांना काही कळलं नाही. मग तेच रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना एकदम तीन-चार हात वर. माझ्या वर्गात एक मुलगा आहे ज्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही, सगळ्यात आधी त्याने ओळखलं, म्हणाला, "मॅडम, प्रत्येक शब्द च नेच सुरू होतोय, तो फेकून द्यायचा आणि शेपूट पुढे आणायचं." झालं. नियम कळला की भाषा संपली.

इथे मी ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाचं नाव सांगितलं. त्याने १८८३ साली लिहून ठेवलंय की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी बिघडता कामा नये, गुपित असावं ते फक्त चावीत, म्हणजे दोघांनी आपसात ठरवलेल्या आकड्यात किंवा अक्षरात. च च्या भाषेत चावीच नाही, नुसती पद्धत. हे ऐकून त्या तिघी पुढच्या शनिवारी उपाय घेऊन आल्या, रोज अक्षर बदलायचं, सोमवारी स, मंगळवारी म, म्हणजे झाली की चावी! मला इतका आनंद झाला त्या विचाराचा. पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा अर्ध्या वेगाने लावलं, आणि वर्गाने पुन्हा फोडलं, कारण साणीप असो नाहीतर माणीप, पहिलं अक्षर फेकलं आणि शेवटचं पुढे आणलं की पाणीच. चावी रोज बदलत होती पण ती काही कामच करत नव्हती. हा मुद्दा मी फळ्यावर दहा वेळा लिहिला असता तरी पोचला नसता, तो संथ आवाज ऐकून दोन मिनिटांत पोचला.

यानंतर चकती. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक मोठी एक लहान, मधोमध टाचणी, दोन्हींवर क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजनं. (कोनमापकाने आखू नका, ३६० ला ३४ ने भाग जात नाही आणि शेवटचं घर लहानमोठं होतं, मी कॉम्प्युटरवर काढून प्रिंट दिली.) काना-मात्रा, स्वर तसेच ठेवायचे, फक्त व्यंजन पुढे सरकवायचं, जोडाक्षरं फोडून घ्यायची. ज्युलियस सीझर तीन घरं सरकवायचा असं रोमन लेखकाने लिहिलंय, आम्हीपण तीनच घेतली. मराठी चं लशाणी होतं. "पाऊस येणार आहे" चं "भाऊक वेदाश आखे" होतं. मुलांना हे "भाऊक वेदाश" इतकं आवडलं की आठवडाभर तेच चालू होतं.

आता इथे चावी खरंच काम करते, पण चाव्या फक्त ३३, एकेक करून बघितल्या तरी तास संपायच्या आत सापडते. त्याहून मोठी गंमत मला दाखवायची होती ती मोजणीची. वर्तमानपत्राचं एकेक बातमीचं कात्रण प्रत्येक गटाला दिलं, व्यंजनं मोजली, आकडे स्प्रेडशीटमधे भरले आणि टीव्हीवर स्तंभालेख आला, र, त, य, न उंच उंच, झ, ढ बुटके, ङ शून्य. मग शीटमधे एक रकाना ठेवला होता चावीचा. त्यात ३ टाकलं. सगळे स्तंभ जसेच्या तसे तीन घरं उजवीकडे सरकले. ५ टाकलं, पाच घरं सरकले. वर्गात "अरेच्चा" असा आवाज आला, खरंच आला. र ची उंची श कडे गेली, त ची ध कडे, आणि ङ चा खड्डा ज वर येऊन बसला. एक मुलगी म्हणाली, म्हणजे ज्या मजकुरात ज एकदाही येत नाही तो तीनने सरकवलेला असणार! आकार लपत नाही, नुसता जागा बदलतो, हे सरकणाऱ्या चित्रातच दिसतं, छापलेल्या दोन आलेखांत नाही दिसत, मी पहिल्या वर्षी दोन आलेख छापून दिले होते आणि मुलांनी ते वेगवेगळे आलेख म्हणून बघितले. अरब विद्वान अल-किंदी याने नवव्या शतकात हीच मोजणीची युक्ती लिहून ठेवलीय.

आणि मग "आखे". वाक्याच्या शेवटी परत परत आखे. आपल्या मराठी बातमीत दर दुसरं वाक्य आहे ने संपतं, त्यामुळे चकती न फिरवता मुलांनी नुसतं आखे बघून चावी सांगायला सुरुवात केली. याच ठिकाणी दुसरं महायुद्ध काढायचं. जर्मनांच्या गुप्त संदेश बनवणाऱ्या एनिग्मा यंत्राच्या चाव्यांची संख्या २१ अंकी होती, पाचपैकी तीन चक्र आणि दहा वायरी धरून. तरी ते फोडलं गेलं, आधी पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या गणितीने १९३२ मधे यंत्राची आतली रचना गणिताने शोधली आणि नंतर इंग्लंडमधे ब्लेचली पार्क या संकेत फोडण्याच्या केंद्रात गणिती ॲलन ट्युरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. तिथे एक मोठा आधार होता हवामानाच्या संदेशांचा, ठरलेल्या साच्यातले, म्हणजे त्यात "हवामान" हा शब्द येणारच. त्यांचा "आखे" तो! शिवाय एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधीच येत नसे. मी एक पट्टी बनवली, वर गुप्त मजकूर स्थिर आणि खाली ओळखीचा शब्द डावीकडून उजवीकडे सरकतोय, वरखाली एकच अक्षर आलं की तो रकाना लाल होतो, म्हणजे शब्द इथे नाही. मुलं ओरडून ओरडून सांगत होती, नाही, नाही, नाही, इथे असू शकतो! युद्धाच्या गोष्टीत मुलं रमतात हे खरंय पण मला जास्त आनंद झाला तो ती पट्टी मुलांनी नंतर कागदाच्या फिती कापून स्वतः बनवली याचा.

थोडं विषयांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सीझर, जर्मनी, इंग्लंड ऐकून मुलांना वाटतं हे सगळं तिकडचं. आपल्याकडे महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, सकळ लिपी, सुंदरी लिपी वगैरे, अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं-चिन्हं ठेवून. पंथाबाहेरच्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचं कोडं उलगडलं आणि जुन्या मराठीचा केवढा खजिना खुला झाला. म्हणजे आपण वर्गात फितीवर जे करतोय त्याच प्रकारच्या कामाने आपल्या भाषेचा इतिहास बदललाय. हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच.

पुढचा टप्पा आजच्या काळातला, एईएस, म्हणजे कॉम्प्युटरमधला डेटा चावीने झाकायची पद्धत. २००१ पासून अमेरिकेचं सरकारी प्रमाण, दोन बेल्जियन माणसांनी, डेमेन आणि राइमेन यांनी बनवलेलं, पद्धत जगजाहीर, कुणीही वाचावी. ती आठवीला गणिताने शिकवता येणार नाही हे मी मान्य केलंय. पण ऐकवता येते. एका मुलाने दहा सेकंद कविता म्हटली, मी घरी त्याच्या आवाजाचा डेटा एईएसने झाकून पुन्हा आवाज म्हणून वाजेल अशी फाईल केली. (टीव्हीचा आवाज आधी कमी करा, खरखर भयंकर मोठी येते आणि शेजारच्या वर्गातून माणूस येतो.) रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे येते तसली सपाट खरखर, त्यात माणूस आहे असा संशयही येत नाही. योग्य चावी लावलेली फाईल वाजवली, कविता स्वच्छ. मग विचारलं, चावीतला एकच अंक चुकवला तर काय ऐकू येईल? जवळजवळ सगळे म्हणाले थोडी कविता थोडी खरखर. चकतीवरून आलेला अंदाज होता तो, तिथे चावी एकने चुकली तर अक्षर एकच घर चुकतं, जवळ जवळ आल्यासारखं वाटतं. फाईल लावली. पूर्ण खरखर. पहिल्या खरखरीइतकीच खरखर. वर्ग शांत झाला. इथे "जवळ आलो" असं काही नसतंच, हे मी बोललेही नाही, एक मुलगाच म्हणाला, "म्हणजे चुकलो हे कळतं पण किती चुकलो ते कळत नाही." मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

चित्रांचा प्रयोग मात्र पहिल्यांदा फसला. एईएस एका वेळी १६ बाइटचा तुकडा झाकतं, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे त्याच चावीने झाकला तर सारख्या तुकड्याचं गुप्त रूपही सारखंच निघतं, त्यामुळे चित्र झाकूनही त्याची बाह्यरेषा दिसत राहते. मी शाळेच्या मैदानाचा फोटो घेतला, तसा झाकला आणि टीव्हीवर नुसते रंगीत ठिपके. फोटोत दोन ठिकाणचे बिंदू सहसा तंतोतंत सारखे नसतात, उजेड बदलतो, म्हणून सारखे तुकडेच नव्हते. मग लक्षात आलं की सपाट रंगाचं चित्र हवं, आणि आमच्या शाळेच्या भिंतीवरच वारली चित्र आहे, गेरूवर पांढरं. तसंच एक मोठं, जाड रेषांचं चित्र कॉम्प्युटरवर काढलं, बीएमपी म्हणून सेव्ह केलं, जेपीजी नको, त्यात दाबून ठेवलेला डेटा असतो. फाईलचे पहिले ५४ बाइट म्हणजे तिची ओळखपाटी, ते मूळचेच परत लावायचे नाहीतर उघडतच नाही. आणि मग टीव्हीवर आलं ते बघण्यासारखं होतं. रंग सगळे बदललेले, पट्टे पट्टे, पण तारप्याभोवती नाचणारी माणसं जशीच्या तशी, गोल सुद्धा. पद्धत उत्तम, चावी उत्तम, कुणालाही चावी सांगितलेली नाही, आणि चित्र ओळखू येतंय! मुलं विचारायला लागली असं कसं, आणि मी लगेच उत्तर दिलं नाही, क्लिप तिथेच थांबवली आणि घरी पाठवलं. सोमवारी सकाळी गेटवरच एकीने गाठलं, "मॅडम, आखे सारखंच झालं ना हे? सारखं आलं की सारखंच निघतं." हो बाळा, तेच. नंतर तुकडे एकमेकांत गुंतवून झाकलेलं त्याच चित्राचं रूप दाखवलं, त्यात फक्त ठिपके.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक नियम केलाय, क्लिप एका मिनिटाच्या आतली, तिला निवेदन नाही, संगीत नाही, आणि उत्तर यायच्या आधी ती थांबते. बोलायचं मी आणि मुलांनी. निवेदन असलं की मुलं ऐकत बसतात, अंदाज करत नाहीत, आणि या विषयात अंदाज करणं म्हणजेच शिकणं आहे. शिवाय चावीसाठी इंग्रजी "की" हा शब्द मी पूर्ण टाळते, "की ही की असते की" असं काहीतरी होऊन बसतं, चावी म्हणायचं, सोपं.

रंगांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, दोघांनी सगळ्यांसमोर रंग मिसळून गुप्त रंग एकमेकांना न दाखवता तयार करायचा. सगळ्यांसमोर बोलूनही दोघांत गुप्त चावी ठरवायची ही डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मधे मांडलेली कल्पना समजवायला चांगला आहे, आम्ही वॉटरकलरने केला, फोनवर शूट केला. पण मुलं रंगावरच अडतात, पिवळ्यातून लाल परत काढता येईल का यावर वाद घालतात. त्यापेक्षा मला घड्याळ जास्त उपयोगी पडलं. २३ तासांचं घड्याळ, ० ते २२, आणि १ वर एक ठिपका, प्रत्येक उडीला पाचने गुणायचं आणि घड्याळात बसवायचं, म्हणजे २३ ने भागून बाकी घ्यायची. ५, २, १०, ४, २०, ८... ठिपका कुठून कुठे उडतोय याचा काही नेम नाही. मी सहा उड्या गुपचूप मारल्या, ८ वर आले. एका मुलीने पंधरा मारल्या, १९ वर आली. ८ आणि १९ सगळ्यांसमोर सांगितले. मग तिने पाचऐवजी माझ्या ८ ने गुणत पंधरा उड्या मारल्या आणि मी तिच्या १९ ने गुणत सहा, आणि दोघी २ वर पोचलो, वर्गाने गुणाकार करून तपासलं. "१९ वर यायला किती उड्या?" हे शोधायला वर्गाला सगळ्या उड्या मोजाव्याच लागल्या. खऱ्या वापरात घड्याळाचे तास शेकडो अंकी संख्येइतके असतात, तिथे मोजून संपत नाही. यानंतर दोन फोन शेजारी ठेवून व्हॉट्सॲपचा ६० अंकी सुरक्षा कोड जुळवून बघितला, एकाने वाचायचा दुसऱ्याने बघायचा, आणि मुलांनी तो खरोखर शेवटच्या अंकापर्यंत वाचला.

सध्या आमचं चाललंय ते पारदर्शक शीटवर. १९९४ मधे नाओर आणि शामिर यांनी एक चित्र दोन शीटवर वाटून लपवायची युक्ती मांडली, चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी नाणं उडवायचं आणि पहिल्या शीटवर डावा अर्धा किंवा उजवा अर्धा काळा करायचा. चित्रात तिथे पांढरं असेल तर दुसऱ्या शीटवर तोच अर्धा, काळं असेल तर उलटा. एकावर एक ठेवलं की काळ्या जागा पूर्ण काळ्या होतात आणि पांढऱ्या अर्ध्याच. एक शीट एकटी घेतली तर त्यात चित्राबद्दल काहीही नसतं, कितीही मोठा कॉम्प्युटर लावा, कारण ती नुसती नाणेफेक आहे. आधी आलेख कागदावर दहा बाय दहाचं हाताने केलं, खरं नाणं उडवून, शंभर वेळा, अख्खा तास गेला आणि मला त्या तासाची जराही हळहळ नाही.

मग नववीतल्या दोघांनी कॉम्प्युटरवर मोठं चित्र बनवलं, झेरॉक्सच्या दुकानातून ओएचपी शीटवर काढून आणलं. दोन्ही शीट एकाच मशीनवर, एकाच वेळी काढा आणि बिंदू मोठे ठेवा, नाहीतर एकमेकांवर बसत नाहीत, आमच्या पहिल्या दोन जोड्या अशाच वाया गेल्या. एक शीट आठवीकडे, एक नववीकडे, शनिवारी खिडकीच्या काचेवर जुळवायची. चित्र काय आहे ते त्या दोघांनी मला सांगितलेलं नाही. आठवीची शीट आत्ता माझ्या टेबलावर आहे, मघाशी दिव्यासमोर धरून बघितली, काळे ठिपके, दुसरं काही नाही.